रत्नागिरीत उघड्यावर निवांत प्यायचं तर बसायचं कुठे?

चौघे मित्र फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून रत्नागिरीला येताय. दोघे बिअरवाले, एकाला माडी, म्हणजे नारळाच्या झाडाचा आंबलेला रस, चाखायची आहे, एक कशालाच हात लावत नाही. तुम्ही विचारलंय की एसी खोलीत कोंडून न घेता उन्हाच्या दिवसात मोकळ्यावर, समुद्र बघत बसून प्यायच्या चांगल्या जागा कुठल्या. पुढे पुस्तीही जोडलीय, "गोव्यात वाळूत खुर्च्या असतात तसं काहीतरी."

मी रत्नागिरीजवळ एकोणीस वर्षं जेवणघर आणि परमिट रूम चालवतोय. जाहिरात व्हायला नको म्हणून नाव-गाव सोडून देतो. दर हंगामात कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जागा असते, माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ. सकाळी नऊला जी जागा सोडवत नाही, तिथे दुपारी एकला माणूस दहा मिनिटं टिकत नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो: कुठल्या वेळी, कसल्या सावलीत, हातात काय घेऊन बसलं तर तीन-चार तास सुखात जातील? समुद्र दिसतो की नाही ते मी सगळ्यात शेवटी बघतो. का, ते पुढे येईलच.

आधी गोव्याचं निकालात काढू. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि दारू पिणं हे कागदोपत्री परवान्यावर चालतं. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा, आजन्म १००० चा. बिअर आणि वाइनला वय २१ पूर्ण लागतं, बाकी मद्याला २५. हे कोणी विचारत नाही असं तुम्ही म्हणाल, आणि बऱ्याचदा विचारत नाहीत हेही खरं. पण किनारा, किल्ला, बंदराचा धक्का, रस्त्याकडेचा कट्टा ह्या सार्वजनिक जागा आहेत आणि तिथे बाटली उघडणं हा गुन्हा आहे. "इथे कोणी काही बोलत नाही" असं सांगणारा स्थानिक मित्र तुम्हाला भेटेलच. त्याचं म्हणणं एखाद्या मंगळवारी दुपारी खरं ठरेल आणि शनिवारी संध्याकाळी खोटं. सुट्टी अशा नशिबावर कशाला लावायची? शिवाय मला पोलिसांपेक्षा काचेची जास्त भीती वाटते. ज्या वाळूत बाटली फुटते त्याच वाळूत दुसऱ्या दिवशी पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे अनवाणी चालतात. गावखडीसारख्या किनाऱ्यांवर थंडीच्या महिन्यांत रात्री कासवं अंडी घालायला वर येतात. तुम्ही याल तेव्हा काही घरट्यांतून पिल्लं बाहेर पडायची वेळ असेल, आणि ती उजेडाकडे भरकटतात. गाडीचे दिवे लावून किनाऱ्यावर मैफल जमवणाऱ्यांना हे माहीतही नसतं.

तर दारू प्यायची असेल तर परवानाधारक जागेत, किंवा जिथे उतरलाय तिथे यजमानाला विचारून त्याच्या अंगणात. एवढं ठरलं की पुढचं सोपं होतं. पण परवानाधारक जागेतही एक मेख आहे आणि ती बाहेरच्यांना कळत नाही. परमिट रूमचा जो परवाना असतो, धंद्याच्या भाषेत एफएल-३, त्याच्याबरोबर जागेचा नकाशा मंजूर झालेला असतो. नकाशात जेवढी जागा दाखवली असेल तेवढ्यातच मद्य द्यायचं. मी पहिल्या वर्षी हौसेने पुढच्या मोकळ्या जागेत सहा टेबलं मांडली. तपासणीला आलेल्या साहेबांनी चहा घेतला, नकाशा मागितला, बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "ही टेबलं ह्यात कुठे आहेत?" संध्याकाळपर्यंत टेबलं आत. म्हणून बऱ्याच ठिकाणी तुम्हाला छान बाग दिसेल, पण बागेत फक्त जेवण मिळेल आणि बिअर मागितलीत की वेटर आतल्या खोलीकडे हात दाखवेल. तो उर्मट नसतो, त्याचा नाइलाज असतो. फोन करून खोली किंवा टेबल ठरवताना "गार्डन आहे का?" असं विचारू नका. "बागेत बसून बिअर मिळेल का, की बागेत नुसतं जेवण?" असं विचारा. ह्या एका वाक्याने निम्मी यादी आपोआप गळते.

आता ऊन. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा फार चढत नाही, ३२-३३ च्या आसपास राहतो, आणि पुण्याची मंडळी आकडा बघून म्हणतात, "एवढंच? आमच्याकडे चाळीस असतं." मग येतात आणि पहिल्या दुपारी शर्ट पिळतात. हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तुमचा फेब्रुवारीचा शेवट त्याहून फसवा. सकाळ गार, छान. पण ह्या दिवसांत कधी कधी पूर्वेचा, घाटाकडून उतरणारा कोरडा वारा दुपारपर्यंत रेंगाळतो. समुद्राकडचा वारा लवकर सुरू झाला तर दुपार सुसह्य. तो अडला तर पारा ३६-३७ च्या घरात जातो आणि माडाचं पानसुद्धा हलत नाही. आमच्याकडे जुनी माणसं दुपारी ओटीवर बसून "वारा फिरला का?" विचारतात ते उगाच नाही. वारा फिरला की बाहेर बसायचं, तोवर पडवीत.

माझा समुद्रदर्शनाचा नाद ह्याच दुपारींनी सोडवला. सुरुवातीला मला वाटायचं की लोकांना समुद्र दाखवला की झालं. परवान्याचा नकाशा वाढवून घेतला आणि पश्चिमेला, थेट समुद्रासमोर, जांभ्याचा चौथरा बांधून त्यावर टेबलं टाकली. तीन ते सहा ऊन सरळ तोंडावर. पाण्यावरून परत येणारी चमक वेगळीच. जांभा दिवसभर तापलेला, तो खालून शेकतो. वारा आला तर इतका की कागदी रुमाल रस्त्यापलीकडे. लोक यायचे, दोन फोटो काढायचे आणि म्हणायचे, "दादा, आत बसूया का?" दोन हंगाम मी हे बघितलं. तिसऱ्या वर्षी मागच्या परसात, घराच्या पूर्वेला, फणसाखाली टेबलं हलवली आणि नकाशा पुन्हा बदलून घेतला. तिथून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. दुपारी एकच्या सुमाराला घराची सावली पडायला लागते आणि वाढत जाते. समुद्राचा वारा घराला वळसा घालून मऊ होऊन येतो. आता माणसं दुपारी बसतात ती दिवे लागेपर्यंत उठत नाहीत. पश्चिमेचा चौथरा अजून आहे. तो सहाच्या पुढे तासभर लागतो, सूर्य बुडेपर्यंत. तुमच्या तारखांना सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असेल.

झाड कुठलं, हेही बघा. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

माडाखाली बसू नका. फोटोत माड हवाच असतो, मान्य. आमच्याकडे म्हणतात नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही. माझ्याकडे एकदा भर दुपारी, वारा नसताना, सुकी झावळी खाली आली ती थेट चार खुर्च्यांच्या टेबलावर. गिऱ्हाईक नुकतंच हात धुवायला उठलं होतं म्हणून निभावलं, दोन ग्लास गेले. झावळीला डोळे असतात असं कुठल्या म्हणीत नाही. तेव्हापासून हंगामाआधी पाडेली बोलावून सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घेतो, आणि तरीही माडाखाली टेबल मांडत नाही.

आंब्याची सावली दाट, पण फेब्रुवारीत आंबा मोहरलेला किंवा कैरीवर असतो. मोहरावर तुडतुडे असतात आणि त्यांचा चिकटा खाली गळतो. अर्ध्या तासात ग्लासाची कड, हात, मोबाइल सगळं चिकट. पानं चिकटवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या वेगळ्याच. बागायतदार फवारण्याही ह्याच दिवसांत करतात, तेव्हा "आंब्याच्या बागेत बसून पिऊ" ही कल्पना ह्या महिन्यात बागवाल्यालाही आवडणार नाही आणि तुमच्या नाकालाही. काजूखाली बोंडं पडायला लागली की आंबूस वास येतो आणि माश्या जमतात. सुरूची सावली विरळ, पण तिच्यातून वारा आरपार जातो आणि सुया सतत सळसळत राहतात. सकाळ-संध्याकाळ उत्तम, भर दुपारी पुरत नाही. सगळ्यात भरवशाचा फणस. फेब्रुवारीत त्याला लहान कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, असतात, डोक्यावर पडण्याजोगं काही नसतं आणि सावली घट्ट.

ह्या सगळ्यांपेक्षाही चांगली गोष्ट म्हणजे मांडव. पाऊस संपला की कोकणात घरापुढच्या खळ्यात मांडव घालतात, वर माडाच्या विणलेल्या झापा. पत्र्यासारखा तो तापत नाही, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीसारखा कोंदत नाही, झापांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली कवडशांची सावली राहते. खळं सारवलेलं असेल तर पायाला गार लागतं. हल्ली सिमेंटचे ठोकळे बसवतात, ते दुपारी चटके देतात. मला कोणी विचारलं की रत्नागिरी जिल्ह्यातली उघड्यावर प्यायची सगळ्यात चांगली जागा कुठली, तर मी म्हणेन झापांच्या मांडवाचं कुठलंही खळं, आत विहीर असेल तर आणखी छान. म्हणून शहरातल्या मोठ्या हॉटेलपेक्षा भाट्ये, कसोप, गणेशगुळे ह्या बाजूला एखादं घरगुती राहण्याचं ठिकाण बघा. फोनवर तीन गोष्टी विचारा: खळ्यात मांडव आहे का, अंगणात बसून आपण आणलेली बिअर घेतलेली चालेल का, आणि किती वाजेपर्यंत. दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळ घरांत "नको" असं उत्तर येईल. घरात देव आहेत, म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. तो नकार निमूटपणे घ्या, घासाघीस करू नका. दुसरं घर मिळतं. जिथे "हो" म्हणतील तिथे परवानाधारक दुकानातून घेतलेलीच बाटली न्या आणि बिल खिशात ठेवा. गोव्याहून येणाऱ्या मित्राला "येताना चार बाटल्या टाक डिकीत" असं सांगू नका. गोव्याची दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा वेगळा गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला त्यासाठीच तपासणी नाका बसलेला असतो.

आता ग्लासात काय. बिअरवाल्या दोघांसाठी एक हिशोब मांडतो, जो मी माझ्या पोरांना, म्हणजे वेटरना, पहिल्या दिवशी शिकवतो. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. मोठी बाटली ६५० मिलीची. म्हणजे एका बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के, त्यामुळे ६० मिलीच्या दोन पेगांत जेमतेम ५१. म्हणजे "मी काय, नुसती एक बिअर घेतली" असं म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग घेतलेले असतात, तेही उन्हात आणि बहुतेक उपाशीपोटी. त्यात अल्कोहोल लघवी वाढवतं, घामाने पाणी आधीच जात असतं, आणि जोडीला खारट शेंगदाणे. चार वाजता डोकं धरून बसलेला माणूस मला लांबूनही ओळखता येतो. बाहेर बसणार असाल तर माइल्ड घ्या, पाच टक्क्यांच्या आतली, आणि शक्यतो ३३० मिलीची लहान बाटली. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण आमच्या हवेत तिचा शेवटचा ग्लास कोमट होतो आणि कोमट स्ट्राँग बिअर कोणी चवीने पीत नाही, संपवायची म्हणून पितो. प्रत्येक बाटलीमागे तेवढंच पाणी. सोबत तळलेला बांगडा चालेल, पण ह्या दिवसांत ओले काजूगर येतात. त्यांची उसळ आणि भाकरी पोटात आधी घाला.

बाटली उन्हात ठेवू नका. गार राहत नाही हे तर आहेच, पण उजेडाने हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास बिघडतो. तपकिरी काच बरीच आडोसा धरते, हिरवी आणि पांढरी काच धरत नाही. समुद्रासमोर उन्हात हिरव्या बाटलीचा फोटो काढण्यात जो वेळ जातो तेवढ्यात ती बिअर उग्र वास मारायला लागू शकते, आणि मग माझ्याकडे तक्रार येते की माल जुना आहे.

माडीचं मात्र वेगळं शास्त्र आहे आणि तुमच्या मित्राने नीट वेळ साधली नाही तर तो निराश होईल. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने आवळून, हळूहळू ठोकून, तिचं टोक रोज थोडं छाटतात. तिथून रस ठिबकतो, तो मडक्यात धरतात. आतून चुन्याचा हात दिलेल्या भांड्यात रात्री जमून उजाडायच्या आत उतरवलेला रस म्हणजे नीरा, गोड, अजिबात न चढणारी. चुना नसला की हवेतलं यीस्ट लगेच कामाला लागतं. सकाळी नऊ-दहाला गोडसर आणि किंचित फसफसती, दुपारी आंबटसर आणि साधारण बिअरच्या ताकदीची, संध्याकाळी उग्र, दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेवर. गोव्यात जुने पाववाले पीठ फुगवायला माडीच वापरत, यावरून तिच्या अंगातलं बळ कळेल. म्हणजे माडी ही संध्याकाळची गोष्ट नाहीच. ती सकाळी साडेनऊ-दहाला, ताजी, परवानाधारक केंद्रावरच घ्यायची. ओळखीचा माणूस जिथे झाड आणि केंद्र दोन्ही दाखवू शकतो असं ठिकाण शोधा. खोटी माडी पावडर आणि सॅकरिन कालवून करतात. त्यातली पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट, ते गुंगीचं औषध आहे, त्याच्याशी खेळ नको. माझी साधी परीक्षा अशी: खरी माडी दर दोन तासांनी बदलते. सकाळी आणि संध्याकाळी एकाच चवीची मिळाली तर ग्लास खाली ठेवा. चाखायला एक ग्लास पुरे. पहिल्यांदा पिणाऱ्याच्या पोटाला ती सोसेलच असं नाही.

दारू सोडून बाकीचं पिण्यासाठी मात्र शहर मोकळं आहे, आणि खरं सांगू का, समुद्र बघत पिण्याच्या उत्तम जागा ह्याच यादीत आहेत. थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी, भाट्याची खाडी आणि पूल दिसतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१० मध्ये जवळच त्याच्यासाठी राजवाडा बांधला. सहा वर्षांत तो तिथेच वारला. तिथे संध्याकाळी साडेपाचला थर्मासमधला चहा घेऊन बसा. इथे फक्त चहाच, कुटुंबं आणि पोरं खेळत असतात. मांडवी म्हणजे काळा समुद्र. वाळूत इल्मेनाइट हे काळं खनिज आहे म्हणून ती काळी, आणि काळी म्हणून दुपारी भयंकर तापते. चप्पल काढायची चूक करू नका. सहानंतर मात्र धक्क्यावर वारा छान असतो, भेळ आणि चहाच्या गाड्या लागतात. बाजूला मिऱ्याकडे पांढरा समुद्र, तिथली वाळू कमी तापते. एकाच गावात दोन रंगांचे किनारे असल्यामुळे हा फरक पायांना लगेच कळतो.

भाट्याला सकाळी जा. सुरूच्या बनात आठ ते दहा ह्या वेळात ऊन तिरकं, वारा हलका, आणि हातात शहाळं. शहाळं घेताना "पाण्याचं की मलईचं" विचारतील. तहान असेल तर पाण्याचं, न्याहारी झाली नसेल तर मलईचं. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या डोक्यावरून जातो. वळणावर थांबायच्या जागा आहेत, आणि वाटेत कोकम सरबतवाले भेटतात. तिथून दिसणारा समुद्र ह्या टापूत सगळ्यात देखणा, पण सावली शून्य, म्हणून साडेपाचच्या पुढेच. आणि तिथे किंवा पुळ्याला, बिअर घेतलेली असो वा नसो, पाण्यात खोल जाऊ नका. गणपतीपुळ्याला धोक्याचे फलक आहेत ते शोभेचे नाहीत. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आहे, दीपगृहाकडून मिरकरवाड्याचं बंदर दिसतं. तिथे पाण्याची बाटली एवढंच पेय.

किनाऱ्यावर बसायचं तर भरती बघून. मोबाइलवर वेळा मिळतात, पण आमच्याकडचा जुना हिशोब असा आहे की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वापाचच्या आसपास समुद्र पार आत गेलेला. संध्याकाळी लांबलचक किनारा मिळतो, पण उधाणाचं पाणी असतं, अंधार पडता पडता झपाट्याने परत येतं. अष्टमीला सहाला भरती, पण भांगाची, फार वर चढत नाही. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. दर वर्षी कोणाची तरी गाडी वाळूत रुतते आणि रात्री ट्रॅक्टर शोधायची पाळी येते. गाडी रस्त्यावरच ठेवा.

गाडीवरून आठवलं. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर सांगितलेल्या एका स्ट्राँग बाटलीत ती मर्यादा बहुतेकांची ओलांडते. शहरात रिक्षा आहेत, भाट्यापर्यंत येतात. रात्री परत यायचं असेल तर जातानाच रिक्षावाल्याशी बोलून ठेवा.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या तारखांवर आहेत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले ड्राय डे तुमच्या तारखांत येत नाहीत. पण निवडणूक लागली असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तासही बंद. शिमगा तुमच्या तारखांना लागून आला तर गावातल्या पालख्यांमुळे रस्ते आणि घरं दोन्ही भरलेली असतील आणि यजमान अंगणात बिअर चालवून घेणार नाही. आणि वारा तर रोजचा रोज.

तुमच्या जागी मी असतो तर असं करतो. पहिल्या दिवशी सकाळी भाट्याला शहाळं, दुपारभर झोप, साडेपाचला थिबा पॉइंट. दुसऱ्या दिवशी दहाला माडी, फक्त एकाला, बाकीच्यांनी नीरा. दुपारी वारा फिरला की मांडवाखाली किंवा बागेची परवानगी असलेल्या परमिट रूममध्ये दोन-दोन लहान बिअर आणि उसळ-भाकरी, अंधार पडेपर्यंत. तिसऱ्या दिवशी बिअर नाही, आरे-वारे करत गणपतीपुळे.

उरला तो चौथा, काहीच न घेणारा. गाडीची किल्ली साहजिकच त्याच्याकडे जाणार, तर त्याच्या ग्लासाकडे नीट लक्ष द्या. त्याच्यासाठी कोकम मागवताना "सरबत" म्हणा आणि ते अमृत कोकमाचं आहे ना, विचारा. ते साखरेत मुरवलेलं असतं. आगळ वेगळं, ते मिठातलं, सोलकढीसाठी. गर्दीच्या दिवशी एखादा नवखा पोऱ्या आगळातच पाणी-साखर ढवळून "कोकम" म्हणून आणून ठेवतो. माझ्याकडेही एकदा झालंय. त्या गटातल्या न पिणाऱ्या मित्राने भिडेखातर अख्खा ग्लास संपवला आणि मग तासाभरात घरातला पाण्याचा हंडा.